फेटेवाले चेहरे आणि सोनपेठची शेळी

परभणी

परभणीला निघाले तेव्हा माझ्या सामानात कपडे कमी आणि चेहरे जास्त होते. पुठ्ठ्याचे, रंगीत, एकेका तक्त्यावर तीन: एक हसरा, एक मधला, एक रडका. मी पुण्यात ज्या शिक्षणसंस्थेत नोकरी करत होते, तिचे संचालक परदेशात कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि येताना त्यांनी ही कल्पना आणली होती. शाळेतल्या मुलांच्या मनाची दर आठवड्याला विचारपूस करायची. सोमवारी सकाळी मुलानं आपल्या नावाची चिठ्ठी आपल्याला वाटत असेल त्या चेहऱ्याखाली अडकवायची, आणि रडक्या चेहऱ्याखाली कोण कोण आहे ते बघून शिक्षकांनी त्यांच्याशी बोलायचं. कल्पना वाईट नव्हती, आजही मला ती वाईट वाटत नाही. पण उपक्रम 'स्थानिक संस्कृतीशी सुसंगत' असला पाहिजे असं संचालकांचं म्हणणं पडलं. तेव्हा आमच्या चित्रकारानं तिन्ही चेहऱ्यांना फेटे घातले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. परभणीच्या स्टँडच्या भिंतींवर 'झालेच पाहिजे' आणि 'होऊ देणार नाही' शेजारी शेजारी लिहिलेलं होतं, आणि अक्षर इतकं सारखं की पेंटर एकच असावा अशी मला शंका आली. मी पोचले त्याच दिवशी कुठल्याशा मोर्चापायी गाड्या बंद होत्या, म्हणून एक दिवस लॉजवर काढावा लागला. लॉजचा मालक, खालचा चहावाला, चौकशीच्या खिडकीतला माणूस, सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "तुमच्याकडं पानीपाऊस कसा हाय?" मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पाऊस आला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, एवढाच माझा पावसाशी संबंध. तरी "बरा आहे" म्हणत राहिले.

आमच्याकडं जिन्यात भेटलेला माणूस "काय, कसं काय?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत खाली पोचलेला असतो. इथं 'कशा आहात' असं मला कुणी विचारलंच नाही. मला ते जरा लागलं. माणसं तुटक आहेत, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं.

बोरी

बोरीच्या हेडमास्तरांनी माझं स्वागत नारळ देऊन केलं आणि मग ऑफिसचं दार लावून घेतलं.

"म्याडम, हे नामांतराचं तर न्हाई ना?"

मी सांगितलं, छे, हे मनाचं आहे. मुलांच्या मनात काय चाललंय ते आपण विचारायचं.

त्यांनी घाम पुसला. "म्हंजे तेच की. सद्या गावात कुनाच्या मनातलं इचारू नये, आसं आमचं मत हाय. मास्तर लोकांनी तर न्हाईच."

मी तक्ता उलगडून दाखवला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चित्रच आहे म्हटल्यावर काही अडचण नव्हती. दुपारी सगळे वर्ग मैदानात बसले आणि एकेक मूल येऊन चिठ्ठी लावू लागलं. सगळी हसऱ्या चेहऱ्याखाली. नामांतर हवं असलेल्या घरातलं पोर आणि नको असलेल्या घरातलं पोर, दोन्ही त्याच फेट्याखाली. पहिलीतला एक तेवढा रडक्या चेहऱ्यापाशी थबकला आणि त्यानं मला विचारलं, "बाई, ह्यांच्यातलं कोन मेलंय?" हेडमास्तरांनी त्याला दंडाला धरून हसऱ्याकडं नेलं.

संध्याकाळी त्यांनी आनंदानं जाहीर केलं की जो वर्ग इथून पुढं सर्वांत जास्त हसरा राहील, त्याला प्रजासत्ताकदिनी ढाल मिळेल.

त्यांच्या घरी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी आणि ज्वारीची गरम भाकरी जेवले. त्या आमटीपुढं पुण्यातली आमटी म्हणजे हळदीचं पाणी, हे मी आईच्या समोर म्हणणार नाही, पण लिहायला हरकत नाही. हेडमास्तरांच्या पत्नीनं वाढता वाढता विचारलं, "घरी जनावरं किती हायत?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी माझ्याकडं अशा काही दयेनं बघितलं की मी एक भाकरी जास्त खाल्ली.

वालूर

वालूर मोठं गाव, व्यापाराचं, आणि तिथली शाळा शिस्तीची. मी पोचायच्या आधीच बोरीची बातमी पोचलेली होती, त्यामुळं इथल्या पोरांची तयारी करून घेतलेली होती. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर पाढे घोकून घेतात, तसा इथं आनंद घोकून घेतला होता. एकेक जण ताठ येत होता, हसऱ्याखाली चिठ्ठी लावून "आनंदी आहे, बाई!" असं ओरडून परत जात होता.

पाचवीतल्या एका मुलीनं मात्र चिठ्ठी रडक्या चेहऱ्याखाली लावली. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मी वर्गशिक्षकांना म्हटलं, तिला विचारा ना, काय झालं.

शिक्षक तिच्याजवळ गेले. "आजच बरं सुचलं गं तुला? बाहेरून मानसं आल्यात आन तू शाळंचं नाव घालवायलीस?"

मुलीनं चिठ्ठी काढली आणि हसऱ्याखाली लावली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. मी तिला नंतर व्हरांड्यात गाठून विचारलं, तर ती म्हणाली, "बरं हाय." दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. तिचं काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि वालूरची आठवण आली की ती मुलगी आठवते.

सोनपेठ

परभणीला परत येऊन गंगाखेडमार्गे सोनपेठला गेले. वाटेत वेचायला आलेला कापूस, गुडघ्याएवढा शाळू आणि काळी जमीन, नजर पोचेल तिथवर. सोनपेठहून थोडं पुढं, गोदावरीच्या अंगाला, एक लहान गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका घरातली गोष्ट सांगायची आहे. तिथं सातवीपर्यंतची शाळा होती आणि सोळंके गुरुजी होते.

गुरुजी हा माणूस पहिल्या भेटीत कुणालाच आवडणार नाही. तोंडात कायम तंबाखू, बोलण्यात कायम तक्रार, आणि आपल्यासारखा शिक्षक जिल्ह्यात झाला नाही हे ते स्वतःच सांगत. मी दिलेला तक्ता त्यांनी भिंतीवर बरोबर तिथं लावला जिथून पावसाळ्यात पाणी झिरपायचं. "लय कामाचा हाय," म्हणाले.

मग त्यांनी सहावीची हजेरी घ्यायला सुरुवात केली, आणि मी हळूच घड्याळ पाहिलं, कारण प्रत्येक नावाबरोबर ते एकेका जनावराची चौकशी करत होते.

"गंप्या, बैल कसा हाय?"

"लाथा हानायलाय, गुर्जी. कालपसून."

"आसं? मंग तू आज तिकडं खिडकीपाशी बस. एकलाच."

"कौशे, शेळी कशी हाय?"

कौशी म्हणजे कौशल्या. तेलानं चप्प केलेल्या दोन वेण्या, हनुवटीवर गोंदण, आणि गणितात वर्गात पहिली. ती उभी राहिली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "खायना झाली, गुर्जी. टरकात बसायची न्हाई म्हनायली."

वर्गात कुणी हसलं नाही. मीच तेवढी हसले.

हजेरी संपल्यावर मी गुरुजींना समजावलं की पशुगणना महत्त्वाची असेल, पण उपक्रम मुलांच्या मनाचा आहे, तेव्हा थेट विचारावं. कसं ते दाखवायला मी कौशीलाच बोलावलं. खाली वाकून, तिच्या डोळ्यांत बघून, प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं विचारलं: "कौशल्या, तुला कसं वाटतंय?"

"बरं हाय," म्हणाली, आणि न सांगता हसऱ्या फेट्यावर बोट ठेवून मोकळी झाली. गुरुजी खिडकीतून थुंकले.

दुपारी आम्हाला कौशीच्याच घरी जेवायला बोलावणं होतं. तिचे वडील ज्ञानोबा. जमीन थोडी आणि तीही पावसावरची, त्यामुळं दरसाल या दिवसांत ते आणि त्यांची बायको ऊस तोडायला पश्चिमेकडं जात. मुकादमाचा ट्रक पुढच्या आठवड्यात येणार होता. आजवर कौशी आजीजवळ राहायची. पण यंदा आजीची नजर गेली होती, घरात एक धाकटा भाऊ झाला होता, आणि मुलगीही पाण्याचा हंडा उचलण्याएवढी मोठी झाली होती. यंदा तिला न्यायचं, असं घरात ठरत होतं. एकदा गेली की सहावी गेली, आणि सहावी गेली की ती पुन्हा शाळेत दिसत नाही, हे गुरुजींनी मला येतानाच्या वाटेवर सांगितलं होतं.

पंगतीला ज्ञानोबांचे थोरले भाऊ पण होते. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या ठेच्यानं माझे दोन्ही कान बंद झाले. म्हणून की काय कोण जाणे, चाललेलं बोलणं मी अर्धवटच ऐकलं. मी वाट बघत होते की गुरुजी कौशीच्या शिक्षणाचा विषय काढतील. पण ते शेळीवरच अडून बसले होते.

"शेळी न्ह्यायची म्हंता का तिकडं?" गुरुजी.

"न्ह्यावी तर टरकात मरंल. ठिवावी तर म्हातारीला दिसत न्हाई." ज्ञानोबा.

"गाभन हाय. सवयीचं मानूस पायजे तिला."

"त्ये हायेच."

"मंग तिकडं पानी कोन भरंल?" आतून कौशीच्या आईचा आवाज आला. ज्ञानोबा भाकरी कुस्करत राहिले.

"शेळी बी लेकरावानीच आस्ती," ज्ञानोबा शेवटी म्हणाले, आणि गुरुजींनी मान हलवली.

एवढ्यात मी मदतीला धावले. मला वाटलं, या शेळीच्या नादात मुख्य मुद्दा राहूनच जातोय. ही अडचण एकदाची सोडवून टाकावी म्हणजे कौशीबद्दल बोलता येईल. मी म्हटलं, "अहो, एवढा प्रश्न असेल तर शेळी बाजारात विकून टाका ना!"

दाराआड कौशी उभी होती, ती आत निघून गेली. थोरल्या भावानं मांडीवर थाप मारली. "बरूबर बोलल्या बाई! यवढ्याच बाजारी इका. किटकिटच नको." ज्ञानोबांनी एकदा गुरुजींकडं पाहिलं, मग ताटाकडं. "बाई म्हनायल्यात तर इकावंच लागंल," म्हणाले. पाहुणीचा, त्यातून पुण्याहून आलेल्या साहेबीणबाईचा शब्द, भावासमोर मोडायचा कसा?

परतीच्या वाटेवर गुरुजी तंबाखू न खाता बोलले, यावरून ते किती चिडले होते ते लक्षात यावं.

"म्याडम, कामून मधी पडला? घडी बसायली होती."

"कसली घडी? शेळीची?"

"शेळीची न्हाई, पोरीची! ज्ञानोबाच्या मनात पोरीला ठिवायचंच हाय. पर तसं म्हनून कसं चालंल? 'घरात मदतीला हातपाय आस्ताना पोरगी बसवून ठिवली' म्हनून थोरला जलमभर बोलंल. बायकूबी रुसंल. तेच शेळीसाठी मागं ठिवली म्हनलं तर कुनाला काय बोलायला जागा ऱ्हाती का? आता तुमी शेळीच इकली. आता पोरीला कशापायी ठिवायची?"

मला सगळं कळायला वेळ लागला. गंप्याचा बैल कळला. टरकात न बसणारी शेळी कळली. परभणीत पानीपाऊस विचारणारी, बोरीत जनावरं विचारणारी, ती सगळी माणसं मला 'कशा आहात' हेच विचारत होती. माणसाला त्याचं स्वतःचं विचारलं की तो 'बरं हाय' म्हणतो. दुसरं काही म्हणणं म्हणजे गाऱ्हाणं केल्यासारखं होतं. त्याच्या बैलाचं विचारलं की तो सगळं सांगतो.

"मग ही तुमची पद्धत दरवेळी चालते?" मी विचारलं.

गुरुजी जरा वरमले. "न्हाई तसं. मागं एक पोरगं म्हनायलं, म्हैस लय बिमार हाय. म्या त्याची आठ दिस समजूत काढली. जवळ बसवलं, गोळ्या दिल्या. मंग कळलं, म्हैसच बिमार व्हती. मेली बिचारी." आणि लगेच पुढं: "पर आसं येखांद्याच टायमाला."

बाजार

दुसऱ्या दिवशी हजेरीला गुरुजींनी कौशीला काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "गुर्जी, शेळी बाजारात जायली." आणि खाली बसली. मला त्या वर्गात बसवेना. ही मुलगी माझ्या एका वाक्यानं ऊस तोडायला निघाली होती आणि माझ्या पिशवीत अजून बरेच हसरे चेहरे शिल्लक होते.

मी गुरुजींना म्हटलं, ती शेळी मी घेते.

गुरुजींनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "काय करताव शेळी घिऊन?"

"ते तुम्ही सांगा. तुम्हाला तसलं बोलता येतं."

सोनपेठच्या आठवडी बाजारात आम्ही गेलो तेव्हा ज्ञानोबा शेळीचा कासरा धरून उभे होते, शेजारी कौशी, आणि थोरले भाऊ सौदा बघायला जातीनं हजर. एक खाटीक शेळीच्या बरगड्या चाचपत होता. मी पुढं होऊन म्हटलं, मला घ्यायची आहे. खाटीक हसला, आजूबाजूचे चारजण जमले, लगेच वीस झाले. पुण्याची बाई शेळी घेतेय ही गोष्ट त्या बाजारात पुढं बरीच वर्षं चालणार.

तिथं भाव तोंडानं करत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून करतात. बाईमाणसाची बोटं धरायची कशी, म्हणून माझ्या वतीनं गुरुजींचा हात रुमालाखाली गेला. रुमाल बराच वेळ हलत होता. ज्ञानोबा 'न्हाई' म्हणून मान हलवत होते, गुरुजी डोळे वटारत होते, आणि मला पुढं समजलं की ज्ञानोबा भाव खाली आणत होते आणि गुरुजी वर नेत होते. काय ठरलं ते इथं लिहीत नाही. हे माझे यजमान वाचणार आहेत.

शेळी माझी झाली. कासरा माझ्या हातात आला आणि शेळीनं लगेच माझ्या पदराचा एक घास घेतला.

आम्ही सगळे मिळून स्टँडवर आलो. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणं मी कंडक्टरला मोठ्यानं विचारलं, "अहो, ही शेळी पुण्याला न्यायचीय."

"बाई, कोंबडं आसतं तर घेतलं आसतं. शेळी न्हाई."

मी हताश झाले. मला नाटकात कधी काम मिळालं नव्हतं. पण त्या दिवशी बरं जमलं.

"मंग आता कसं?" गुरुजी आभाळाकडं बघत म्हणाले. "बाईची शेळी तर इथंच ठिवावी लागंल. पर लोकाची वस्तू. जोखमीचं काम. म्हातारीला तर दिसत न्हाई."

सगळ्यांनी विचार केला. सगळ्यांना सगळं माहीत होतं, खाटकालासुद्धा. थोरल्या भावांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं. बाजारभर लोकांसमोर पाहुणीनं आपली वस्तू सोपवायची आणि आपण नाही म्हणायचं, हे त्या घराण्यात होणं शक्य नव्हतं. ज्ञानोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"कौशी हाय की," म्हणाले. "न्ह्यायची व्हती तिला. पर बाईची शेळी म्हनल्यावर मागं कुनीतरी ऱ्हायलाच पायजे."

मी कासरा कौशीच्या हातात दिला. तिनं तो मनगटाला दोन वेढे गुंडाळला. मग मान वर करून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, शेळीला रोज साळंच्या मागं बांधीन. तिला तिथलं गवत आवडतंय." ज्ञानोबा तोंड फिरवून बसच्या चाकाकडं बघत राहिले. चेहऱ्यांच्या तक्त्यावर याला जागा नव्हती.

हे सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या वर्षी तिकडं उसाच्या फडावर कौशीच्या आईनं तान्हं पोर सांभाळत तिच्या वाटणीचंही पाणी भरलं असणार. तिची चिठ्ठी कुठल्या फेट्याखाली लावायची, ते मला कुणी विचारलं नाही.

पुणे

परतल्यावर मी संचालकांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते भारावून गेले. "हीच ती स्थानिक संस्कृती!" म्हणाले आणि तक्त्याची नवी आवृत्ती छापायला दिली. त्यात फेटेवाले चेहरे नाहीत. तीन शेळ्या आहेत: एक हसरी, एक मधली, एक रडकी. बोरीच्या ढालीवरही आता शेळी असेल.

गुरुजींचं कार्ड अधूनमधून येतं. 'शेळी मजेत आहे.' 'शेळीस गणितात गती आहे, इंग्रजीत नाही.' यजमानांनी एकदा ते वाचलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

शेवटचं कार्ड परवा आलं. गुरुजी लिहितात की खरी शेळी गेल्या पावसाळ्यात आजारानं गेली, तिची दोन करडं ज्ञानोबांच्या दारात आहेत, 'आणि आपली शेळी सातवी पास झाली. केंद्रात पहिली. ज्ञानोबा तिला पुढे परभणीस बोर्डिंगात ठेवण्याचे म्हणतात. थोरल्या भावाने पेढे वाटले.' खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात: 'आपल्याकडे एखादे जनावर असल्यास ते कसे आहे, कळवावे.'

आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी लगेच उत्तर लिहायला बसले. लिहिलं: 'आमच्याकडे एक मांजर आहे. इतके दिवस बरे आहे म्हणत होते. आज आपले कार्ड वाचून पुष्कळ रडले, आणि मग पोटभर जेवले.'

आमच्या घरी मांजर नाही.